विसर्जित कंपनीवर दावा कसा लावायचा? लँकेशायरच्या एका गिरणीची गोष्ट

माझं संशोधन हवेतल्या सूक्ष्म कणांवर आहे, कायद्यावर नाही. तरी गेले काही महिने मी ब्रिटिश कंपनी कायद्याची जुनी कलमं वाचतोय. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारावरचे, म्हणजे बिसिनोसिसवरचे जुने निबंध वाचताना एका खटल्याचा उल्लेख आला : ब्रॅडली विरुद्ध ईगल स्टार इन्शुरन्स, हाउस ऑफ लॉर्ड्स, १९८९. सहज म्हणून निकाल उघडला आणि त्यातच अडकलो. या निकालात आजाराबद्दल वादच नाही. धूळ होती का, आजार त्या धुळीनेच झाला का, यावर कोणी भांडत नाही. भांडण एवढंच, की जी कंपनी आता अस्तित्वातच नाही तिला जबाबदार कसं धरायचं?

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांनी हा खटला वाचावा असं मला वाटतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तर जरूर वाचावा. कारण आपण 'कारण सिद्ध झालं' इथे थांबतो, आणि पीडित माणसाची खरी अडचण कित्येकदा तिथून पुढे सुरू होते.

आधी आजार. कापूस पिंजताना जी धूळ उडते ती सगळ्यात जास्त गिरणीच्या कार्डिंग खात्यात असते. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला सुरुवातीला फक्त सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटते. रविवारची सुट्टी झाली, सोमवारी पुन्हा कामावर आलं, की दम लागतो. मंगळवारी बरं वाटतं. काही वर्षांनी मंगळवारीही त्रास होतो, मग आठवडाभर, आणि शेवटी कायमचाच. मँचेस्टरच्या रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या सोमवारच्या लक्षणावरूनच आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. एक्स-रेमध्ये या आजाराची अशी स्वतंत्र खूण दिसत नाही. शेवटच्या टप्प्यात तो साध्या जुनाट ब्राँकायटिससारखाच दिसतो. म्हणजे निदान बरंचसं माणसाच्या कामाच्या इतिहासावर अवलंबून. कुठल्या खात्यात, किती वर्षं, कोणत्या गिरणीत. हे 'कोणत्या गिरणीत' पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

ब्रॅडली बाईंनी १९३३ ते १९७० या काळात, मधले खंड सोडून, डार्ट मिल लिमिटेड या कंपनीच्या गिरणीत काम केलं. १९७० मध्ये त्यांना बिसिनोसिस असल्याचं अधिकृतपणे नोंदवलं गेलं आणि सरकारी अपंगत्व भत्ता मिळू लागला. १९७५ मध्ये कंपनीने स्वेच्छेने कारभार गुंडाळायला घेतला आणि १९७६ मध्ये ती विसर्जित झाली. भरपाई मिळवण्यासाठी बाई कोर्टात गेल्या त्या १९८४ मध्ये. तोवर कंपनी मरून आठ वर्षं झाली होती.

कंपनी 'मरते' म्हणजे नेमकं काय होतं, हे इथे समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कायद्याच्या लेखी कंपनी ही व्यक्ती. ती करार करते, मालमत्ता बाळगते, तिच्यावर दावा लागतो. माणूस मेला तर त्याची इस्टेट उरते, वारस उरतात, आणि इस्टेटीवर दावा लावता येतो. कंपनीला वारस नसतो. विसर्जनाच्या दिवशी तिच्या नावावर काही उरलं असेल तर ते बेवारस मालमत्ता म्हणून राजसत्तेकडे जातं. गंमत म्हणजे लँकेशायरमधल्या कंपन्यांचं ते सरकारी तिजोरीत न जाता डची ऑफ लँकेस्टरकडे जातं. मालमत्तेला असा वाली मिळतो. पण जबाबदारीला नाही. ती कुणाकडेच जात नाही.

आता कंपनीला मरायचे दोन रस्ते होते. पहिला रीतसर : परिसमापक नेमायचा, देणी फेडायची, उरलेलं भागधारकांत वाटायचं, शेवटचा हिशेब निबंधकाकडे नोंदवायचा, तीन महिन्यांनी विसर्जन. दुसरा रस्ता १८८० च्या कायद्याने आला. तोवर निबंधकाच्या दफ्तरात अशा कंपन्या साठल्या होत्या, ज्यांचा धंदा बंद पडलेला होता पण नाव तसंच होतं. मग निबंधकाला अधिकार दिला : पत्रं पाठवा, उत्तर आलं नाही तर गॅझेटमध्ये सूचना द्या, आणि नाव काढून टाका.

दोन्ही रस्त्यांवर परत यायची सोय होती, पण मुदती वेगळ्या. रीतसर गुंडाळलेल्या कंपनीचं विसर्जन कोर्ट रद्द ठरवू शकत होतं, मात्र दोन वर्षांच्या आत. ही दोन वर्षं १९०८ च्या कायद्यात होती आणि १९८५ च्या कायद्याच्या कलम ६५१ पर्यंत तशीच चालत आली. निबंधकाने नाव काढलेल्या कंपनीसाठी मात्र १९८५ च्या कायद्यात, कलम ६५३ नुसार, मुदत होती वीस वर्षांची.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. जी कंपनी हिशेब न देता गप्प बसली तिला वीस वर्षं जिवंत करता येतं, आणि जी सगळं शिस्तीत करून गेली ती दोन वर्षांत कायमची संपते? थोडा विचार केला की तर्क लागतो. रीतसर गुंडाळताना देणेकऱ्यांना हाक दिलेली असते, पैसे वाटून झालेले असतात. तो हिशेब पुन्हा उघडला तर भागधारकांना कधीच निश्चिंत होता येणार नाही. नुसतं नाव काढलं तेव्हा मात्र कोणी काही तपासलेलंच नसतं. तर्क ठीक आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : हाक दिली तेव्हा प्रत्येक देणेकऱ्याला आपण देणेकरी आहोत हे ठाऊक असतं. व्यापाऱ्याला ठाऊक असतं. फुफ्फुसात हळूहळू धूळ साठत गेलेल्या कामगाराला ते ठाऊक असतंच असं नाही.

फरक मुदतीपुरताच नव्हता. परत आणलेली कंपनी 'मधल्या काळात' जिवंत होती की मेलेली, यालाही दोन उत्तरं होती. १९२७ च्या मॉरिस विरुद्ध हॅरिस या खटल्यात विसर्जनानंतर कंपनीच्या नावाने लवादाची कारवाई चालली आणि नंतर विसर्जन रद्द झालं. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, विसर्जन रद्द झालं म्हणून मधल्या काळातली कारवाई वैध होत नाही. १९५२ मध्ये टायमन्स विरुद्ध क्रेव्हनमध्ये, नाव काढून टाकलेल्या एका कंपनीने भाडेपट्ट्यासाठी कोर्टात अर्ज केला होता. नंतर तिचं नाव नोंदवहीत परत घातलं गेलं. इथे अपील न्यायालयाने बहुमताने सांगितलं की अर्ज वैध, कारण त्या कलमाचे शब्दच असे होते, की नाव कधी काढलंच नव्हतं असं समजून कंपनी चालू राहिली असं मानावं. एका रस्त्याने परतलेली कंपनी आजपासून जिवंत, दुसऱ्या रस्त्याने परतलेली जणू मेलीच नव्हती. कायद्याची पुस्तकं वाचताना विज्ञानवाल्याला हसू येतं ते अशा ठिकाणी. पण हसून पुढे जाऊ नका. कलमातले नेमके शब्द वाचायची सवय इथेच लागते.

आता विमा. डार्ट मिलकडे पैसे उरले नव्हते, पण तिने ज्या वर्षांत विमा उतरवला असेल त्या वर्षांची जबाबदारी विमा कंपनीवर होती. इंग्लंडमध्ये मालकाला कामगारांसाठी असा विमा सक्तीचा झाला तो १९६९ च्या कायद्याने, आणि तो अमलात आला १९७२ मध्ये. त्याआधीच्या वर्षांत विमा होता की नाही हे कागद पाहिल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं. आणि कागद ईगल स्टारकडे. म्हणून बाईंची कोर्टाकडे मागणी अगदी मर्यादित होती : १९३३ ते १९७० मधल्या पॉलिसींच्या अटी दाखवा. पैसे नव्हे, आधी कागद.

यासाठी त्यांचा आधार होता १९३० चा एक कायदा. त्याची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० च्या दशकात हॅरिंग्टन मोटर कंपनीच्या गाडीने एक पादचारी जखमी झाला. त्याने दावा जिंकला, पण कंपनी बुडाली. विमा कंपनीने भरपाईची रक्कम परिसमापकाला दिली, आणि कोर्टाने ठरवलं की ती रक्कम सगळ्या देणेकऱ्यांत वाटली जाईल. जखमी माणूस रांगेतला आणखी एक. म्हणजे ज्याचा पाय मोडला त्याच्या नावाने आलेल्या पैशातून इतर देणी भागली. हे इतकं उघड अन्यायाचं होतं की संसदेने १९३० मध्ये कायदा करून मालक बुडाला तर त्याचा विम्यावरचा हक्क थेट पीडिताकडे जाईल असं ठरवलं.

थेट, पण एका अटीवर. मालकाला विम्याकडे पैसे मागायचा हक्क कधी निर्माण होतो? त्याची जबाबदारी किती हे निकालाने, लवादाने किंवा तडजोडीने ठरल्यावर. अपील न्यायालयाने १९६७ मध्ये पोस्ट ऑफिस आणि नॉर्विच युनियन यांच्यातल्या, जमिनीखालची केबल तुटल्याच्या खटल्यात हे स्पष्ट केलं होतं. ब्रॅडली खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने तीच साखळी लावली. प्रमुख निवेदन लॉर्ड ब्रँडन यांचं. विम्यावर हक्क हवा तर आधी गिरणीची जबाबदारी ठरायला हवी. ती ठरायला गिरणीवर दावा लागायला हवा. गिरणी अस्तित्वात नाही. तिला परत आणता येईल का? नाही, दोन वर्षं केव्हाच उलटली. म्हणजे हक्क निर्माण होऊच शकत नाही, आणि जो दावा होऊच शकत नाही त्यासाठी कागद दाखवायचं कारण नाही. लॉर्ड टेम्पलमन एकटे विरोधात गेले.

प्रत्येक पायरी बरोबर आहे. मी ती साखळी वहीत उतरवून तोडायचा प्रयत्न केला, तुटत नाही. पण शेवटी हातात काय येतं ते बघा : विम्याचा हप्ता ज्या जोखमीसाठी घेतला ती जोखीम प्रत्यक्षात आली, आणि विमा कंपनी सुटली, कारण विमा उतरवणारा नोंदवहीत नाही. माझं मत विचाराल तर टेम्पलमन यांचा निष्कर्ष न्यायाच्या जवळ आहे आणि ब्रँडन यांचा कायद्याच्या. दोन्ही एकत्र आणणं कोर्टाच्या हातात नव्हतं. ते काम संसदेचं होतं.

आणि संसदेने ते त्याच वर्षी केलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये मंजूर झालेल्या कंपनी कायद्याच्या कलम १४१ ने जुन्या कलम ६५१ मध्ये भर घातली : शारीरिक इजा किंवा मृत्यूच्या भरपाईचा दावा लावण्यासाठी विसर्जित कंपनी परत आणायची असेल तर मुदत नाही. कधीही अर्ज करा. दावा मुदतीच्या कायद्यात आधीच बसत नसेल तर मात्र कोर्ट परवानगी देणार नाही. पण विसर्जन ते पुनर्जीवन हा काळ मुदतीत धरू नये असा आदेश कोर्टाला देता येईल. सगळ्यात धाडसी भाग पुढे आहे. ज्यांची दोन वर्षं आधीच संपून गेली होती त्या कंपन्याही उघडता येतील, फक्त विसर्जन हे कलम अमलात येण्याआधी वीस वर्षांहून जुनं नको. बंद झालेलं दार मागच्या तारखेने उघडायला संसद सहसा तयार नसते. इथे झाली. १९७६ मध्ये संपलेली डार्ट मिल या वीस वर्षांत बसते.

निकाल आणि कलम यांचा संबंध सर्वसाधारणपणे मान्य आहे. तरी तुम्ही प्रबंधात हे लिहिणार असाल तर 'त्याच वर्षी झालं म्हणून त्यामुळे झालं' एवढ्यावर थांबू नका. संसदेतल्या चर्चा वाचा, तारखा लावा. आणि उलट दिशेची चूकही टाळा. केवळ खटला वाचलात तर तुम्ही लिहून बसाल की असा दावा इंग्लंडमध्ये लावताच येत नाही, आणि तो नियम अवघे काही महिने टिकला हे तुमच्या लक्षातही येणार नाही.

मला स्वतःला जास्त सतावणारा प्रश्न वेगळा आहे. इतका उशीर का? धुळीचे आजार उशिरा कळतात हे संसदेला १९८९ मध्ये नव्याने समजलं नव्हतं. १९६३ मध्ये कार्टलेज विरुद्ध जॉपलिंग खटल्यात पोलाद ओतकामातल्या कामगारांचे दावे मुदतबाह्य ठरले होते. फुफ्फुसाला इजा झाली त्या दिवशी मुदत सुरू झाली, ती कामगारांना कळली का याला महत्त्व नाही, असं लॉर्ड्सना नाइलाजाने म्हणावं लागलं. त्याच वर्षी संसदेने मुदतीचा कायदा बदलला. मग कंपनीच्या आयुष्याचं घड्याळ तेव्हाच का दिसलं नाही? माझा अंदाज असा : १९६३ मध्ये मालक बहुतेक जिवंत होते. लँकेशायरच्या गिरण्या १९५९ च्या कापूस उद्योग कायद्यानंतर, सरकारी अनुदान घेऊन यंत्रं मोडीत काढत, झपाट्याने बंद होऊ लागल्या. कामगारांची फुफ्फुसं आणि त्यांच्या कंपन्या एकाच सुमारास संपायला लागल्या, तेव्हा कुठे ही भेग दिसली. हा अंदाज आहे. तपासायचा तर बंद गिरण्यांच्या विसर्जनाच्या तारखा आणि आजाराच्या नोंदी समोरासमोर मांडाव्या लागतील. कोणाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर घ्या.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. २००६ च्या कंपनी कायद्याने, ही तरतूद अमलात आली ती ऑक्टोबर २००९ पासून, दोन रस्ते जवळपास एक केले. कोर्टाकडून पुनःस्थापनेसाठी सर्वसाधारण मुदत सहा वर्षं, शारीरिक इजेच्या दाव्यासाठी मुदत नाही. आणि मधल्या काळाचं उत्तरही एकच ठेवलं, टायमन्सवालं : कंपनी कधी संपलीच नव्हती असं मानायचं. २०१२ मध्ये पीकटोन विरुद्ध जॉड्रेलमध्ये एका कामगाराने विसर्जित कंपनीवरच दावा दाखल केला होता, पुनःस्थापना नंतर झाली. अपील न्यायालयाने दावा वैध ठरवला.

परत आलेली कंपनी कशी असते, याची कल्पना करून बघा. कार्यालय नाही, संचालक नाहीत, पैसा नाही. दाव्यावर प्रतिवादी म्हणून एक नाव हवं, म्हणून ती उठवली जाते, आणि तिच्या नावाने प्रत्यक्ष लढतात ते विमा कंपनीचे वकील. यात कोणालाच अर्थ दिसत नव्हता. म्हणून २०१० मध्ये १९३० चा कायदा बदलला : आता थेट विमा कंपनीवर दावा लावा, मालकाची जबाबदारी त्याच खटल्यात ठरेल, कंपनी उठवायची गरज नाही. अमलात यायला १ ऑगस्ट २०१६ उजाडलं. आणि त्यातही खाच राहिली. जबाबदारी आणि विसर्जन, दोन्ही त्या तारखेआधीचं असेल तर जुनाच कायदा लागू. २०१७ मध्ये रेडमन विरुद्ध झुरिक या ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कोर्टाने ठरवलं की जबाबदारी निर्माण होते ती धूळ आत जाऊन इजा होते तेव्हा, दावा ठरतो तेव्हा नव्हे. परिणाम? ज्यांचं काम जुनं, आजार उशिराचा आणि कंपनी आधीच संपलेली, नेमक्या त्यांना सोपा रस्ता नाही. त्यांच्या वकिलाला अजूनही आधी कंपनी उठवावी लागते.

आपल्याकडे काय, हे तुम्ही विचारणारच. मुंबईच्या गिरण्यांत बिसिनोसिस होता; केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या कामगारांवर केलेले अभ्यास प्रसिद्ध आहेत. भरपाईचा रस्ता मात्र वेगळा. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात मालक बुडाला तर विम्यावरचा हक्क कामगाराकडे जाईल असं कलम १४ मूळपासून होतं, इंग्लंडच्या १९३० च्या सात वर्षं आधी. शिवाय कामगार राज्य विमा योजनेखालचा कामगार भत्ता महामंडळाकडून घेतो आणि मालकावर वेगळा दावा लावू शकत नाही. तिथे मालक कंपनी उरली की संपली याने फरक पडत नाही. त्या योजनेबाहेरच्या माणसाला पडतो.

आणि आपला कंपनी कायदा त्याच इंग्लिश घरातला. २०१७ मध्ये निबंधकांनी दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं काढली तेव्हा वर्तमानपत्रांत 'शेल कंपन्या' हा शब्द रोज होता. त्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यातलं कलम २५२ आहे : गॅझेटमधल्या सूचनेपासून वीस वर्षांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि अर्जदारांत कंपनी, भागधारक, देणेकरी यांच्या बरोबरीने कामगाराचंही नाव घातलेलं आहे. पण रीतसर गुंडाळून विसर्जित झालेल्या कंपनीसाठी कलम ३५६ बघा. 'हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती' अर्ज करू शकते. शारीरिक इजेसाठी वेगळी सवलत त्या कलमात नाही. मुदत आहे विसर्जनापासून दोन वर्षं, १९०८ च्या इंग्लिश कायद्यात होती तेवढीच.